उपकाराचा बैल

याजकानं सुरी माझ्या नवऱ्याच्या हातात दिली नाही. ती आपल्या कमरेशीच धरून त्यानं विचारलं, "खाणारे किती?"

"येतील," एलदाद म्हणाला.

"किती, असं विचारलं मी."

"येतील म्हटलं ना, बाबा. गावाला सांगून आलोय."

हारीम याजक म्हातारा होता. शिलोच्या वेदीपाशी त्याचा जन्म गेलेला. त्यानं एकदा आमच्या बैलाकडे पाहिलं, एकदा मागच्या रिकाम्या वाटेकडे, आणि मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. आमच्या मंडळीत त्या वेळी मोजून तीन माणसं होती. नवरा, मी आणि माझ्या पायाला बिलगलेला चार वर्षांचा नेमुएल.

"उपकार मानायला लोक कोकरू आणतात, बोकड आणतात," हारीम म्हणाला. "नवसाचा बळी असता तर दुसऱ्या दिवशीही खाता आला असता. उपकाराचं मांस त्याच दिवशी संपवायचं. सकाळपर्यंत एक तुकडा उरता कामा नये. हे ठाऊक आहे ना तुला?"

"ठाऊक आहे."

"मग बैल परत ने. बोकड घेऊन ये. देव काही बैल मोजत बसलेला नाही."

माझ्या नवऱ्याला ओळखणारा कुणीही सांगेल, की 'परत ने' हे शब्द त्याला कधी ऐकवू नयेत. त्याचे कान तांबडे झाले. तो म्हणाला, "बाबा, नऊ दिवस पोरगं तापानं जळत होतं. दहाव्या दिवशी त्यानं पाणी मागितलं. देवानं मला पोरगं अख्खं परत दिलं, पाव नाही दिलं. आणि मी बोकड देऊ?"

हारीमनं सुस्कारा सोडला आणि सुरी त्याच्या हातात दिली. एलदादनं बैलाच्या डोक्यावर हात टेकला, चांगला भार देऊन टेकला, आणि सुरी चालवली. याजकानं वाडग्यात रक्त धरलं, वेदीच्या चारी बाजूंना शिंपडलं. आतड्यांवरची चरबी आणि गुरदे वेदीवर चढले. तो देवाचा वाटा, त्याला माणसानं तोंड लावायचं नसतं. ऊर आणि उजवी मांडी याजकांची. मी रात्रभर भाजलेल्या भाकऱ्यांच्या चार टोपल्या पुढे केल्या. तीन बिनखमिराच्या, एक खमिराची. प्रत्येकीतली एकेक त्यांनी घेतली. उरलेलं सगळं आमचं.

उरलेलं म्हणजे किती, ते मांस कढयांत पडायला लागलं तेव्हा मला कळलं. तीन मोठ्या कढया काठोकाठ भरल्या आणि चौथी मागून आणावी लागली. 

आमचं गाव गिलोन, शिलोच्या समोरच्या टेकडीवर. वेदीपाशी उभं राहिलं की आमच्या छपरांवरचं वाळवणसुद्धा दिसायचं. चाळीस चुलींचं गाव, चालत गेलं तर भाकरी थंड व्हायच्या आत पोचावं इतकं जवळ. आदल्या संध्याकाळी एलदाद वेशीत उभा राहून मोठ्यानं बोलला होता, "उद्या माझा बैल वेदीवर चढतोय. ज्याला यायचं त्यानं यावं." वेशीत दहाबारा माणसं बसली होती. एकानंही मान वर केली नाही. तरी तो घरी येऊन मला म्हणाला, "बैलाचा वास सुटू दे, मग बघ कसे येतात." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चार वर्षं ज्या गावानं आमच्या चुलीवरचा विस्तव घेतला नव्हता, ते गाव मांसाच्या वासानं येणार होतं म्हणे!

गाव आमच्या घरी का येत नव्हतं, ते सांगायला हवं. कारण होतं एक दगड.

सासरे वारले तेव्हा शेताचे दोन भाग झाले. वरचा थोरल्याचा, म्हणजे शम्मा भावोजींचा. खालचा आमचा. मधे सीमेचा दगड. त्या दगडाच्या पलीकडे, भावोजींच्या हद्दीत, अंजिराचं एक झाड होतं. एका उन्हाळ्यात भावोजींनी दोरी लावली, तर दगड झाडाच्या वरच्या अंगाला गेलेला. झाड आमच्या हद्दीत! आमच्या लोकांत सीमेचा दगड सरकवणाऱ्याला शाप आहे. चोराला माफी मिळते, दगड सरकवणाऱ्याला नाही. वेशीत पंच बसले. एलदादनं हात वर करून परमेश्वराच्या नावानं शपथ घेतली, "मी दगडाला हात लावलेला नाही." शम्मा भावोजी म्हणाले, "मग काय दगडाला पाय फुटले?"

झालं. तेव्हापासून पोरंसोरं आमच्या घराला 'पायवाल्या दगडाचं घर' म्हणू लागली. पंचांना काही सिद्ध करता आलं नाही, म्हणून दगड राहिला तिथंच. पण भावोजी गावातले वडीलधारे. जिथं ते जेवत नाहीत तिथं गाव जेवत नाही. अंजीर मात्र ना आम्ही तोडले ना त्यांनी. चार वर्षं पाखरांची चंगळ झाली.

दुपार चढली. कढया उकळत होत्या. शिलोत माणसं नव्हती असं नाही. पण आदल्या दिवशी तिथला एक मोठ्या कुळाचा म्हातारा वारला होता, आणि अर्धं शिलो त्या घरात जाऊन आलं होतं. मेलेल्याच्या घरात पाऊल टाकलं की सात दिवस विटाळ. विटाळशा माणसानं वेदीवरच्या मांसाचा घास घेतला, तर तो आपल्या लोकांतून छाटला जातो. ती बिचारी माणसं लांब उभी राहून वास घेत होती. एक लंगडी बाई डोळे पुसत म्हणाली, "काल जरा उशिरा मेला असता म्हातारा, तर काय बिघडलं असतं!"

वेदीपाशी काम करणारे पाच लेवी आले, पोटभर जेवले. वाटेनं जाणारे दोन कुंभार थांबले, तेही जेवले. हारीमच्या घरची माणसं आली. मी सगळ्यांना दोनदोनदा वाढलं. मग त्यांनी हात आडवे केले. मी कढईत डोकावले. पहिल्या कढईचा तळ दिसत होता. बाकीच्या तीन तशाच होत्या.

एलदाद एका धोंड्यावर बसून गावाकडच्या वाटेकडे बघत होता. वाटेवर शेळीसुद्धा नव्हती.

"अहो," मी म्हणाले, "तुम्ही जाऊन भावोजींना बोलवा."

"मी?"

"धाकट्यानं थोरल्याच्या दारात जायला लाज कसली?"

"होग्ला, मी दगड हलवला नाही." तो माझ्याकडे न बघताच बोलत होता. "हलवला असता तर नाक घासत गेलो असतो. जे केलंच नाही त्यासाठी त्याच्या दारात उभा राहू? आज गेलो तर गाव म्हणेल, बघा, शेवटी कबूल झाला."

"आणि हे मांस?"

"उरलं तर जाळू."

हारीम मागेच उभा होता. तो म्हणाला, "जाळता येतं. उरलेलं जाळायचंच असतं. पण जाळायचंच होतं तर होमबली द्यायचा होतास, सगळाच्या सगळा वेदीवर गेला असता, तुला कुणाची गरजच पडली नसती. हा तू खायचा म्हणून आणलास." एवढं बोलून तो गेला.

नेमुएल माझ्याजवळ आला. मांस खाऊन त्याचं तोंड तेलकट झालं होतं. आजारपणानं मान अजून काडीसारखी होती. मी त्याच्या कपाळाला हात लावला. चुलीशी बसून माझाच हात तापलेला, पण मला वाटलं, पोराचं अंग गरम आहे. मी पुन्हा लावला. पुन्हा तसंच वाटलं.  उपकार मानले आणि ते मातीत टाकले, तर देणारा काय म्हणेल? दिलेलं परत घेणार नाही कशावरून? आज कुणी मला सांगेल, की देव असा नसतो. मी आता म्हातारी झालेय, मलाही ते कळतं. त्या दिवशी कळत नव्हतं. त्या दिवशी मी भीतीनं अर्धमेली झाले होते, आणि भीती नुसत्या मांसाची नव्हती.

मी एक खमिराची भाकरी पदरात बांधली, पोराला बापाजवळ बसवलं आणि गावाची वाट धरली. एलदाद मागून ओरडला, "कुठं निघालीस?" मी चालतच राहिले.

ऊन कलायला लागलं होतं. शम्मा भावोजी आपल्या अंगणात बसून जुवाचं लाकूड तासत होते. माझी जाऊ तिर्सा भट्टीपाशी होती. मला फाटकात पाहून दोघांचे हात थांबले. चार वर्षांत मी त्या अंगणात पाऊल ठेवलं नव्हतं.

"भावोजी, मांस शिजलंय," मी म्हणाले. "चला. गावाला घेऊन चला."

"एलदाद का नाही आला?"

"मी आलेय ना."

"तो का नाही आला, ते मी सांगतो." भावोजींनी तासणी खाली ठेवली. "तोंड नाही त्याला. ज्या हातानं खोटी शपथ घेतली, तोच हात त्यानं बैलाच्या डोक्यावर ठेवला असेल. ते मांस मी खाऊ? माझा भाऊ आहे तो. लहानपणी मी त्याला खांद्यावर बसवून शिलोला नेलंय. दगड चार हात सरकवला, ते मी गिळलं असतं. पण देवाचं नाव घेऊन माझ्या तोंडावर खोटं बोलला. त्यानं नुसतं एकदा म्हणावं, 'दादा, मी हलवला.' मी अनवाणी पळत येईन."

"ते तसं म्हणणार नाहीत."

"मग जा तू. मांस जाळ म्हणावं तुझ्या नवऱ्याला."

जाऊबाई पटकन म्हणाल्या, "आणि पोर? नेमुएल बरा आहे ना?" त्यांना मूलबाळ नव्हतं. तापाच्या नऊ दिवसांत रोज पहाटे आमच्या उंबऱ्यावर कुणीतरी औषधी पाल्याची जुडी ठेवून जायचं. कोण ते मी कधी विचारलं नव्हतं. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला ते कळलं.

फाटकातून मागं वळले असते तर कुणाला काहीच कळलं नसतं. चार वर्षं गप्प बसले होते, आणखी चाळीस बसले असते. पण समोरच्या टेकडीवरून धूर वर जाताना दिसत होता. त्या धुराखाली माझा नवरा तीन कढया मांस घेऊन एकटा बसला होता, आणि त्याला वाटत होतं की आपण निर्दोष आहोत एवढं पुरेसं आहे.

"दगडाला पाय फुटले नव्हते, भावोजी," मी म्हणाले. "माझे हात लागले होते."

भावोजींना ते नीट कळलंच नाही. "काय?"

"दगड मी सरकवला. नांगराचा मोडका दांडा घातला खाली आणि लोटला. दुपारी, सगळे झऱ्यावर गेले होते तेव्हा. नेमुएलच्या वेळी दिवस होते मला. चौथा महिना. मला त्या अंजिरांचे डोहाळे लागले होते. मी चार तोडले, तर जाऊबाईंनी माझ्या हातातून काढून घेतले. म्हणाल्या, 'दगडाच्या पलीकडचं आमचं.' मी रडत घरी गेले. दुसऱ्या दिवशी मनात म्हटलं, दगडाच्याच अलीकडे आणते की नाही बघ तुमचं झाड." मी पदराची गाठ घट्ट धरली. "मला वाटलं, कुणाच्या लक्षातही येणार नाही. मग तुम्ही दोरी लावली. मग यांनी शपथ घेतली. शपथ खरी होती, भावोजी. एकदा ती घेतल्यावर मी बोलायचं कसं?"

"एलदादला ठाऊक आहे?"

"नाही."

"चार वर्षं?"

"कुणालाच नाही."

मला वाटलं, ते मला मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण ते मटकन खाली बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी त्याला भर वेशीत खोटारडा म्हटलं," ते म्हणाले. "आईच्या मयतीत त्याला खांदा देऊ दिला नाही मी. देवा, मी त्याला आईला खांदा देऊ दिला नाही."

जाऊबाई भट्टीपासून उठल्या. अगदी माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "चार अंजीर," त्या म्हणाल्या. "तुझ्या पोटात पोर होतं आणि माझ्या नव्हतं, म्हणून मी ते काढून घेतले. मला अंजीर आवडतसुद्धा नाहीत." मग त्यांचा स्वर बदलला. "मी येईन जेवायला. पण तुझ्याशी बोलणार नाही. सांगून ठेवते." आणि खरंच, त्यानंतर वर्षभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत.

भावोजींनी डोळे पुसले आणि समोरच्या टेकडीकडे पाहिलं. सूर्य कडेला टेकायला आला होता.

"किती उरलंय?" त्यांनी विचारलं.

"तीन कढया."

"ऐक आता. उद्या दगड जागेवर जाईल. परवा तू दोषाचा मेंढा घेऊन याजकाकडे जाशील. त्यातला घास आपल्यापैकी कुणाला मिळत नाही, तो याजकांनीच खायचा असतो, आणि तेच योग्य आहे. पण आज बैल." ते वेशीकडे धावत सुटले. साठीला टेकलेला माणूस, खरोखर अनवाणी. "उठा रे! बायकापोरांना बाहेर काढा! विटाळ नसेल त्या सगळ्यांनी शिलोला चला! एलदादनं दगड हलवला नव्हता!"

अख्खं गाव टेकडी उतरलं. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, तान्ह्यांना काखेत. मी सगळ्यांच्या पुढे पळत होते, कारण एलदादला हे माझ्याच तोंडून कळायला हवं होतं.

तो धोंड्यावर तसाच बसलेला, मांडीवर नेमुएल झोपलेला. उतारावरून येणारी माणसं बघून तो उठला. त्याचा चेहरा असा उजळला, की मला पुढचं बोलवेना. त्याला वाटलं, आपण जिंकलो.

"आले!" तो म्हणाला. "होग्ला, आले! काय सांगितलंस त्यांना?"

मी सांगितलं. पाचसहा वाक्यांत झालं. चार वर्षांचं ओझं, पण सांगायला घागर भरण्याइतकाही वेळ लागला नाही.

 झोपलेलं पोर त्यानं माझ्या हातात दिलं, फार जपून दिलं, आणि माझ्याकडे पाठ फिरवून भावाच्या दिशेनं चालू लागला. दोघे भाऊ उतारावर भेटले. भावोजी त्याच्या पायाशी वाकायला लागले तर त्यानं त्यांना धरून वर उठवलं. ते काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. मला दिसलं एवढंच, की माझा नवरा थोरल्या भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरासारखा हुंदके देत होता.

मग जेवणं झाली. अशी जेवणं मी पुन्हा पाहिली नाहीत. दिवस मावळला तरी कढयांखालच्या जाळाचा उजेड होता. माणसं हाडं चोखत होती, एकमेकांना आग्रह करत होती. भाकऱ्या संपल्या. हारीम याजक येऊन बघून गेला आणि कुणाला दिसू नये अशा बेतानं हसला. दुसरी कढई रिकामी झाली, तिसरी झाली. एलदाद स्वतः वाढत होता. त्रिशूळी काटा हातात घेऊन पंगतीपंगतीतून फिरत होता. भावोजींना वाढलं, जाऊबाईंना वाढलं, ज्यांनी वेशीत मान वर केली नव्हती त्या सगळ्यांना वाढलं. माझ्यासमोरून तो तीन वेळा गेला. तीनही वेळा थांबला नाही.

मी पोराला मांडीवर घेऊन कडेला बसले होते. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं आणि मला भूकही नव्हती. मी मनाशी म्हणत होते, बरोबर आहे. त्याच्या जागी मी असते तर हाकलून दिलं असतं.

लोक उठू लागले. चौथी कढई आडवी करून कुणीतरी तळ खरवडला. "एक तुकडा राहिलाय!" एक पोरगी ओरडली. "एलदादकाका, एक राहिला!"

सगळे थांबले. पोटं सगळ्यांचीच तुडुंब भरली होती. भावोजी म्हणाले, "आण इकडे, मी खातो. उरायला नको."

"नाही, दादा," एलदाद म्हणाला.

त्यानं काट्यानं तो तुकडा उचलला. माझ्या पदरात बांधलेली खमिराची भाकरी मी विसरलेच होते. तो समोर येऊन बसला आणि ती त्यानंच गाठ सोडून बाहेर काढली. तुकडा तिच्यावर ठेवला. अजूनही तो माझ्याकडे बघत नव्हता. भाकरी त्यानं माझ्या हातात दिली.

"खा," तो म्हणाला. "तुझ्याशिवाय हा बैल संपत नाही."